लष्कराच्या भाकऱ्या

ज्या समाजाने आपल्या राजांच्या सनदा, सरदारांच्या कैफियती आणि कारकुनांच्या यादी रुमालांत बांधून पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या, त्याच समाजातील जी कुणबीण पहाटेच्या काळोखात जात्यावर बसली आणि वेशीबाहेर उतरलेल्या परक्या पथकासाठी दिवस मावळेपर्यंत भाकऱ्या थापीत राहिली, तिने काय सोसले याचा एकही कागद कोणत्याही दप्तरात तिच्या हातचा म्हणून सापडावयाचा नाही. तिला लिहिता येत नव्हते आणि तिची फिर्याद लिहून घेणारा कोणी नव्हता. परंतु तिच्या तोंडचे एक वाक्य मात्र उरले, आणि ते आपण आजही नित्य उच्चारतो: घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९४२ ते १९४७ या काळात ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ प्रसिद्ध केला, आणि त्याच्या शतकभर आधी, १८३१ साली, मोल्सवर्थच्या कोशाने मराठी बोलीतील म्हणी आणि वाक्प्रचार मोठ्या परिश्रमाने टिपून ठेवले होते. या संग्रहांतील अन्नविषयक म्हणी वाचताना माझ्या मनाने असे घेतले आहे की, सतराव्या आणि अठराव्या शतकांतील रयतेचे दप्तर जर कोठे शिल्लक असेल, तर ते येथेच आहे. आणि ते बखरींइतक्याच आदराने व त्याहून अधिक सावधपणे वाचले पाहिजे.

लष्कराच्या भाकऱ्या म्हणजे काय, हे समजण्यासाठी आधी भाकरी कशी होते हे डोळ्यांसमोर आणावे लागते. देशावरच्या ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून तिचे पीठ एकदम मळून ठेवता येत नाही. एका भाकरीपुरते पीठ काठवटीत घ्यावे, आधणाच्या पाण्याने ते तळहाताच्या जोराने मळावे, गोळा करून थापावे, तव्यावर टाकून वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवावा, उलटावी, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांच्या आरावर उभी धरून फुगवावी, तेव्हा कोठे एक भाकरी उतरते. दुसरीसाठी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय त्याच्या आधी दळण आहे, दळणाच्या आधी निवडणे आहे, आणि जळण व पाणी तर स्वतंत्रच. भुकेला स्वार एका बैठकीत तीन-चार भाकऱ्या सहज खातो. शे-दोनशे स्वारांचे पथक गावात मुक्कामास उतरले, तर गावातील प्रत्येक चुलीवर काय प्रसंग येत असेल याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. हे काम वेठीचे होते. वेठबिगार हा शब्द जुन्या सनदांत करांच्या आणि पट्ट्यांच्या यादीत इतक्या सहजपणे येतो की, त्यामागे माणसांचे हात आहेत हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही. ज्याच्यासाठी राबावयाचे तो वेतन तर देत नाहीच, उलट राबणाऱ्याने आपल्या घरचे खाऊन राबावयाचे. म्हणीतील ‘घरचे खाऊन’ या शब्दांत जी वेदना आहे ती येथली आहे. आज आपण एखाद्या सार्वजनिक कार्यकर्त्याला प्रेमाने अगर त्राग्याने ‘कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतोस?’ असे विचारतो, तेव्हा स्वखुशीने केलेल्या परोपकाराचा अर्थ त्यात आलेला असतो. मुळात मात्र त्या भाकऱ्यांत खुशीचा लवलेशही नव्हता.

हे केवळ अनुमान आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने शिवछत्रपतींचे एक पत्र वाचावे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ छावणीस राहिलेल्या पागेच्या जुमलेदारांस, हवालदारांस आणि कारकुनांस महाराजांनी लिहिलेले हे पत्र मराठी गद्याचे भूषण आहे, आणि राज्यकर्त्याच्या मनात रयतेच्या चुलीचा विचार किती खोलवर असू शकतो याचे ते प्रमाणही आहे. महाराज सांगतात की, पावसाळ्यासाठी जमविलेला दाणागोटा आणि गवत जर तुम्ही उन्हाळ्यातच बेहिशेब उडविले, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारिली असे होईल; मग तुम्ही मुलखास उपद्रव देऊ लागाल, कोणी कुणब्याच्या घरचे दाणे उचलून आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजीपाला; आणि असे झाले म्हणजे जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही परागंदा होऊ लागतील, कित्येक उपाशी मरतील, आणि मोगल मुलखात आले त्यापेक्षाही तुम्ही अधिक, असे रयतेला वाटेल. त्या यादीतील ‘भाकरी’ या शब्दापाशी मी प्रत्येक वेळी थबकतो. लष्कर कुणब्याच्या घरात शिरते तेव्हा पहिल्या हातासरशी काय उचलते, हे महाराजांना नेमके ठाऊक होते. पुढे ते आगीविषयी बजावतात: चुली पेटवाल, आगट्या कराल, तंबाखू ओढाल, वाऱ्याने ठिणगी उडून गवताच्या गंजी पेटतील, रात्री दिवा तसाच ठेवाल तर पेटती वात उंदीर घेऊन जाईल आणि त्यानेही घात होईल. एवढ्या बारकाव्याने लिहिणारा राजा जगाच्या इतिहासात फार थोडा आढळेल. १६७६ साली प्रभावळीच्या सुभेदाराला, रामाजी अनंत यांना, लिहिलेल्या दुसऱ्या एका पत्रात तर रयतेच्या भाजीच्या देठाचीही आशा धरू नये असा हुकूम आहे, आणि तो हुकूम पुढे मराठीत म्हणीच्याच योग्यतेला चढला.

परंतु हुकूम निघतो तो बहुधा गैरचाल होत असते म्हणूनच. अठराव्या शतकात लष्करे जसजशी मोठी होत गेली, मोहिमा नर्मदा आणि चंबळ ओलांडून जाऊ लागल्या, तसतसे अन्नाचे गणित बदलले. थोरले बाजीराव घोड्यावर बसल्या बसल्या ज्वारीची कणसे दोन्ही हातांनी चोळून दाणे खात चालले आहेत, अशी जी आख्यायिका प्रसिद्ध आहे, ती खरी असो वा नसो, सडी फौज आणि तिची शिदोरी कशी असावी याविषयीचा त्या पिढीचा आदर्श ती सांगते. पुढच्या पिढीत सडी फौज मागे पडली. तोफा आल्या, डेरे आले, कबिले आले, यात्रेकरू आले, आणि त्या सर्वांना पोसणारा बाजार लष्कराबरोबर चालू लागला. बाजारबुणगे हा तुच्छतेचा शब्द त्या चालत्या बाजाराच्या माणसांना चिकटलेला आहे. पण लढणाऱ्याच्या पोटात जे पडत असे ते याच माणसांच्या हातून. धान्याची मोठी वाहतूक वंजाऱ्यांचे आणि लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून करीत, आणि त्यांना दोन्ही पक्ष सहसा हात लावीत नसत, कारण तांडा लुटला तर उद्या आपल्याच छावणीत कोणी दाणा आणणार नाही हे प्रत्येक सेनापती जाणून असे. १८०३ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेलाही धान्यासाठी याच तांड्यांवर भिस्त ठेवावी लागली.

भाकरीबरोबर मीठ येतेच. खाल्ल्या मिठाला जागणे हा संप्रदाय फारसीच्या छायेत वाढला आहे. निमकहलाल आणि निमकहराम हे शब्द आपल्या जुन्या पत्रांत पदोपदी भेटतात. चाकरीच्या संबंधाला मिठाचे नाव का पडावे, याचा उलगडा देशावरच्या माणसाला विशेष सुलभ आहे. ज्वारी शेतात होते, भाजी परसात होते, दूधदुभते गोठ्यात असते. मीठ मात्र कोकणच्या मिठागरांतून बैलाच्या पाठीवर घाट चढून यावे लागते. घरात जे पिकत नाही आणि ज्यावाचून घास उतरत नाही, असे ते एकच. म्हणून धनी चाकराला देतो ते मीठ. राज्यकर्त्यांनाही त्याचे मोल पुरते कळले होते. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदरावांस लिहिले की, बारदेशचे, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखातले, मीठ स्वस्त पडून घाटावर जाऊ लागेल तर आपल्या प्रभावळीकडच्या मिठाचा उदीम बुडेल. यासाठी त्या मिठावर जबर जकात बसवावी, म्हणजे ते आपल्या मिठाहून महाग पडेल. परक्या मालावर जकात बसवून स्वदेशी मिठागरे वाचविणाऱ्या या पत्राचा उल्लेख अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत व्हावयास हवा.

येथे एक गोष्ट ओझरती सांगून ठेवतो. म्हणीचे वय काढावयाचे असेल तर तिच्यात कोणता जिन्नस आहे हे पाहावे. नाकाला मिरच्या झोंबणे हा वाक्प्रचार कितीही देशी वाटला, तरी तो सोळाव्या शतकापलीकडे जाऊ शकत नाही. कारण मिरचीच पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली. डोक्यावर मिरे वाटणारे लोक मात्र त्याहून पुरातन असावेत. उडीद, कोहळा, आवळा, वांगे, ताक आणि तूप यांच्या म्हणी आपल्याकडे उदंड आहेत. बटाट्याची जुनी म्हण शोधूनही सापडत नाही. असो.

अन्नाशी निगडित असा तिसरा संप्रदाय विड्याचा. दरबारात तबक फिरते, त्यात विडा असतो, आणि जो तो उचलील त्याने कामगिरी पत्करली असे सर्वांसमक्ष ठरते. १६५९ साली विजापूरच्या दरबारात शिवाजीला धरून आणण्याचा विडा अफझलखानाने उचलला असे परंपरा सांगते, आणि त्याच वर्षीच्या १० नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी त्या विड्याचा जो निकाल लागला तो सर्वश्रुत आहे. पण मराठ्यांच्या इतिहासातला याहून हृदयद्रावक विडा १०१ वर्षांनंतर, पानिपतच्या खंदकाआड, घेतला गेला. आणि भाकरी, मीठ व विडा या तिन्ही गोष्टी तेथे एका रात्रीत एकत्र आल्या.

१७६० च्या उन्हाळ्यात मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब उत्तरेत उतरले तेव्हापासूनच पैका आणि दाणा यांची तंगी त्यांच्या पाठीस लागली होती. ऑगस्ट महिन्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडावे लागले. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला, तेव्हा तेथील कोठारांतील धान्याने काही दिवस निभावले. परंतु त्या महिन्याच्या अखेरीस अफगाण बादशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दक्षिणेच्या वाटेवर येऊन बसला आणि मराठ्यांची देशाकडून येणारी रसद तुटली. गोविंदपंत बुंदेले शत्रूच्या पिछाडीला राहून त्याचे दाणेवैरण तोडीत होते. डिसेंबरात ते मारले गेले आणि तोही आधार संपला. पुढे तर रात्रीच्या वेळी लाकूडफाटा आणि चारा आणावयास बाहेर पडलेल्या निःशस्त्र बुणग्यांची अफगाण स्वारांनी कत्तल केली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली आपल्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यात या काळची जी पत्रे आहेत ती वाचणाऱ्याला तलवारीपेक्षा कोठाराचीच चिंता अधिक ऐकू येते.

१३ जानेवारी १७६१ च्या रात्रीचे वर्णन शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने आपल्या फारसी वृत्तांतात केले आहे. सरदार आणि शिलेदार भाऊसाहेबांच्या डेऱ्यापाशी जमले आणि म्हणाले की, दोन दिवस आमच्या पोटात अन्न नाही. उपासमारीने मरण्यापेक्षा शत्रूवर चालून जाऊ, मग नशिबात असेल ते होवो. भाऊसाहेबांनी ते मान्य केले. निकडीच्या वेळेसाठी राखून ठेवलेला जो थोडका दाणा होता तो त्या रात्री सर्व फौजेला वाटून दिला, जेणेकरून लढाईपूर्वी प्रत्येकाच्या पोटात एक वेळचे तरी अन्न जावे. मग पानविडे वाटले गेले, आणि विडा घेऊन प्रत्येकाने अखेरपर्यंत लढण्याची शपथ वाहिली. पहाटे मराठे बाहेर पडले तेव्हा त्यांच्या पागोट्यांचे शेमले मोकळे सुटले होते आणि तोंडाला व हातांना हळद माखलेली होती. ज्या हळदीने आपल्याकडे नवरदेव माखतात, तीच ही हळद.

त्याच पहाटे इब्राहिमखान गारदी भाऊसाहेबांपाशी आले. गारद्यांच्या पगारासाठी त्यांनी वारंवार तगादा लावला होता आणि त्यावरून भाऊसाहेबांची त्यांच्यावर इतराजीही झाली होती. त्या महिन्यात तर पगाराचा एक पैसा मिळालेला नव्हता. काशीराज लिहितो की, त्या सगळ्याची आठवण देऊन खानांनी सांगितले, इतके दिवस आम्ही घेतलेला पगार फुकट गेला नाही हे आज दाखवून देतो. आणि त्यांनी ते दाखविले. रोहिल्यांशी त्यांच्या पलटणींनी दिलेली झुंज शत्रुपक्षानेही वाखाणली. खान जखमी होऊन पकडले गेले आणि अफगाणांच्या छावणीत त्यांचा अंत झाला. धर्माने मुसलमान, परंतु ज्याचे अन्न खाल्ले त्याच्यासाठी देह ठेवणाऱ्या या पुरुषाचे नाव, मिठाला जागणे म्हणजे काय असे विचारणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगितले पाहिजे.

पानिपताच्या संदर्भात एका लोकसमजाची शहानिशा करणे मात्र अवश्य आहे. ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार १४ जानेवारीच्या या संहारावरून पडला, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते खरे नव्हे. मकरसंक्रमणाची इंग्रजी तारीख सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. १७६१ साली सूर्याचे मकरसंक्रमण लढाईपूर्वी तीन-चार दिवस आधीच होऊन गेले होते. युद्धाच्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, संक्रांत नव्हती. वाक्प्रचाराचे मूळ पंचांगातील संक्रांतिफलात आहे: ती देवता कोणत्या वाहनावर बसली आहे, कोणते वस्त्र ल्याली आहे, काय भक्षण करीत आहे आणि कोणत्या दिशेला पाहत आहे हे पुरोहित दरवर्षी वाचून दाखवी, आणि ती जे खाईल ते महागेल, जिकडे पाहील तिकडे अनिष्ट होईल, अशी श्रद्धा होती. पराक्रमाची अथवा शोकाची कथा कितीही मोठी असली तरी तिच्या पदरात न शोभणारी म्हण बांधू नये. अशाने कथाही उणी होते आणि म्हणही.

लष्करे हरली काय आणि जिंकली काय, त्यांच्या वाटेवरच्या गावाला फारसा फरक पडत नसे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. त्यानंतर होळकरांच्या स्वारांनी आणि पेंढाऱ्यांनी पुणे व नगर प्रांतांतील उभी पिके आणि भरलेली पेवे यांची जी दाणादाण केली, तिच्या पाठोपाठ पाऊसही रुसला, आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण त्याहून जुनी असेल, १६३०च्या दुष्काळातही लोक ती म्हणत असतील; पण तिचा अर्थ अशा वर्षीच मनाला भिडतो. अधिक मासाने काही पीक लांबत नाही, ते ऋतुमानाने येते, असा आक्षेप एखादा ज्योतिषी घेईल. परंतु गावाचे व्यवहार सणांच्या हिशेबाने चालत. खानदेशात सालदार गडी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो आणि पुढच्या आखाजीला सुटतो. अधिक महिना आला की तेवढ्याच सालाच्या बोलीत तेरा महिने राबणे आले. ज्या घराने दिवाळी ते दिवाळी पुरेल एवढे धान्य कणगीत मोजून भरले, त्याला तेच धान्य तेरा महिने पुरवावयाचे आले. चांगल्या साली हा महिना दानधर्मात आणि अनारशांच्या वाणात निघून जाई. दुष्काळात तो कणगीच्या तळाशी येऊन बसे.

कोशकारांनी म्हणींचे अर्थ दिले आहेत, आणि त्या उपकारातून आपण उतराई होणे नाही. पण म्हण कोणत्या गावात, कोणत्या घरात, कोणत्या प्रसंगी बोलली जात असे हे सांगणारी माणसे वेगळी असतात, आणि ती बहुधा आपल्याच माजघरात बसलेली असतात. वाचकांना माझी विनंती आहे की, आपल्या घरातील आजी, आत्या, मावशी यांच्या तोंडी येणारी खाण्यापिण्याची प्रत्येक म्हण, गावाच्या आणि प्रसंगाच्या नोंदीसह, एका वहीत उतरवून काढावी, आणि ती वही जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात नेऊन द्यावी.